अक्काचा बेचाळिसावा

अक्काकडं आता पाच मग आहेत. पाचही काळे, पाचांवरही पांढऱ्या आकड्यात 42. एक पुण्याच्या मावसबहिणीनं दिलेला, एक शाळेतल्या बायकांनी, एक दाजींनी आणि दोन मी. दुसरा घेताना पहिला मीच दिलाय हे माझ्या ध्यानात नव्हतं. तिच्या होतं, पण काही बोलली नाही. चहा मात्र अजून स्टीलच्या पेल्यातच पिते.

हे 42 काय प्रकरण आहे ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डग्लस ॲडम्स हा इंग्रज लेखक. 1978 साली त्यानं बीबीसी रेडिओसाठी ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ ही श्रुतिका लिहिली. विज्ञानकथा, पण हसून हसून पोट दुखेल अशी. पुढच्याच वर्षी तिचं पुस्तक आलं आणि मग एकापाठोपाठ आणखी चार. त्यात एक अवाढव्य कॉम्प्युटर आहे. जीवन, विश्व आणि बाकीचं सगळं, ह्या सगळ्याचं उत्तर काय, असं त्याला विचारतात. तो 75 लाख वर्षं विचार करतो आणि सांगतो, 42. मग सगळ्यांच्या लक्षात येतं की नेमका प्रश्न काय होता, हेच कुणाला धड माहीत नाही.

बेळगावच्या माणसाला यात नवल वाटत नाही. सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात 2004 पासून आहे. 75 लाखांच्या हिशेबानं अजून पुष्कळ वेळ हाताशी आहे.

तर यंदा 23 मेला अक्का स्वतःच 42 वर्षांची व्हायची होती. तिच्यासारख्या माणसाला हा वाढदिवस आयुष्यात एकदाच येतो. (तसा सगळ्यांनाच एकदा येतो, पण आपल्याला त्याचं काही वाटत नाही.) आणि माझ्या डोक्यात काय, तर सहावा मग.

अक्कानं ते पुस्तक पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला असताना रद्दीच्या दुकानातून आणलं होतं. पाठचा पुठ्ठा गेलेला, पहिल्या पानावर कुणाचं तरी नाव खोडलेलं. ते साल 2001. त्याच वर्षी 11 मेला ॲडम्स वारला, वय अवघं 49. ती पुस्तक वाचून एकटीच हसत बसायची आणि आई म्हणायची, “अभ्यास करालीस की काय करालीस गे?” मी तेव्हा दहावीत नापास व्हायच्या तयारीत होतो, त्यामुळं आमच्या घरात त्या वर्षी हसणारी ती एकटीच. आज ती खानापूरच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवते आणि मी उद्यमबागेत दोन लेथ आणि एक सेकंडहँड मिलिंग मशीन घेऊन जॉबवर्क करतो.

चोवीस वर्षं मी तिच्या तोंडून त्यातले किस्से ऐकत आलो, पुस्तक कधी वाचलं नव्हतं. आमच्यासारख्यांचा घोळ इथंच होतो. पुस्तक न वाचता गिफ्ट घ्यायला गेलं की चहाचा मग, टी-शर्ट, कीचेन, ह्यापलीकडं हात जात नाही. मार्चएंडला कामं जरा थंडावली तेव्हा रोज रात्री दहा-दहा पानं वाचायला घेतली. इंग्रजी कच्चं, त्यामुळं मोबाइलवर शब्द शोधत. तिसऱ्या रात्री एका जागी एवढ्यानं हसलो की बायको उठून बसली.

आधी सोपं ते केलं, म्हणजे टॉवेल. ॲडम्सच्या म्हणण्यानुसार अंतराळात फिरणाऱ्यानं जवळ काय ठेवावं तर टॉवेल. पांघरावा, डोक्याला गुंडाळावा, ओला करून मारामारीत वापरावा, आणि तेवढं करूनही स्वच्छ राहिलाच तर अंग पुसावं. तो गेल्यावर दोन आठवड्यांनी, 25 मेला, त्याच्या चाहत्यांनी दिवसभर टॉवेल बाळगून त्याची आठवण काढली, आणि तेव्हापासून दर वर्षी तो दिवस पाळतात. खडेबाजारातून चांगला जाडजूड सोलापुरी टॉवेल घेतला आणि मशीन एम्ब्रॉयडरीवाल्याकडं गेलो. त्या पुस्तकातल्या पुस्तकावर मोठ्या, प्रेमळ अक्षरात ‘घाबरू नका’ असं छापलेलं असतं. अक्काला कुणी ‘नका’ म्हणणार नाही, म्हणून एका टोकाला ‘घाबरू नकोस’ आणि दाजी कन्नड, म्हणून दुसऱ्या टोकाला ‘हेदरबेड’ घालायला सांगितलं. एम्ब्रॉयडरीवाला चष्म्यावरून बघत म्हणाला, “कोण ॲडमिट हाय काय वो?”

मग दुसरी आयडिया. तिच्यावर मी फार खूश होतो.

कथेच्या सुरुवातीला नायकाचं घर बायपाससाठी पाडायला बुलडोझर येतो. तो बुलडोझरपुढं आडवा पडलेला असतानाच वोगॉन नावाचे परग्रहावरचे सरकारी लोक येऊन सांगतात की अंतराळातल्या बायपाससाठी अख्खी पृथ्वीच पाडायची आहे. नकाशे अल्फा सेंटॉरीच्या कचेरीत पन्नास वर्षं लावलेले होते, तेव्हाच आक्षेप का घेतला नाही? अल्फा सेंटॉरी म्हणजे इथून चार प्रकाशवर्षं. मी म्हटलं, अक्काच्या घरासाठी अशीच एक नोटीस बनवू. वर कन्नड, खाली मराठी, गोल शिक्का, जावक क्रमांक 42, सगळं झोकात. झेरॉक्सवाल्या पोरानं तर शिक्का असा काढून दिला की मलाच भीती वाटली.

ते पाकीट मी घरी टीव्हीवर ठेवलं आणि जेवायला बसलो. आप्पांनी ते उघडलं. चष्मा नव्हता. त्यांना शिक्का दिसला, ‘बायपास’ दिसला आणि ‘पाडण्यात येईल’ दिसलं. हलगा-मच्छे बायपासात ज्यांची पिकाची जमीन गेली अशी माणसं आमच्या नात्यात आहेत, त्यामुळं ‘बायपास’ हा आमच्या घरात हसायचा शब्द नाही. माझा भात संपेपर्यंत आप्पांनी येळ्ळूरच्या मामांना फोन लावला होता आणि अर्ध्या तासात मामा आरटीसी उतारे (आमच्याकडचा सातबारा) प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीवर दारात. मी समजावून सांगायला लागलो. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अल्फा सेंटॉरी म्हणजे बेंगळुरात काय?”

नोटीस मी दुसऱ्या दिवशी फाडून टाकली. विनोद चांगला होता, पण तो ज्याच्या जमिनीवरनं बायपास गेलेला नाही त्याच्यासाठी होता. ॲडम्स आमच्या शिवारात जन्मला असता तर त्यालाही ते प्रकरण जरा वेगळं लिहावं लागलं असतं.

याच दरम्यान एक किस्सा वाचनात आला. स्वतः ॲडम्स 42 वर्षांचा झाला तेव्हा त्याला काय गिफ्ट मिळालं माहीत आहे? डेव्हिड गिलमोर, पिंक फ्लॉइडचा गिटारवाला, त्याचा दोस्त. त्यानं ॲडम्सला सांगितलं, तू आमच्या कार्यक्रमात येऊन आमच्याबरोबर वाजवायचं. आणि 28 ऑक्टोबर 1994 ला लंडनच्या अर्ल्स कोर्टमध्ये हा सव्वासहा फुटांवर उंच लेखक खरोखर पिंक फ्लॉइडबरोबर गिटार घेऊन स्टेजवर उभा राहिला. डावखुरा होता, गिटारींचा भयंकर शौक. गिलमोरनं बाजारात जाऊन काही आणलं नाही, स्वतःचं जे होतं त्यातनं दिलं. मी शॉपमध्ये इकडंतिकडं बघितलं. माझ्याकडं स्टेज नव्हतं. स्क्रॅपचा ढीग होता.

मार्विन करायचा ठरला.

मार्विन हा त्या कथेतला रोबो. त्याचा मेंदू एका ग्रहाएवढा, आणि त्याला कामं सांगतात ती दार उघडायची नाहीतर कुणाला आत घेऊन यायची. म्हणून तो कायम उदास असतो, आणि डाव्या बाजूचे डायोड दुखतात अशी त्याची तक्रार असते. डोक्यासाठी मला एका व्हॉल्व्ह बॉडीचं रिजेक्ट कास्टिंग सापडलं. मशिनिंग करताना आत ब्लो होल निघालं होतं, करंगळीचं टोक जाईल एवढं. ते फिरवून बरोबर डाव्या बाजूला घेतलं. अंग एमएसच्या, म्हणजे साध्या लोखंडाच्या पाइपचं, हातांना जुन्या मोटरसायकलची चेन, पंजे म्हणजे प्रत्येकी तीन नट, पायाला बेअरिंगचे बाहेरचे रेस, म्हणजे कडी.

घोळ मानेत झाला. कास्टिंग सीआयचं, म्हणजे बिडाचं. सीआयला वेल्डिंगचा साधा रॉड चालत नाही, निकेलचा लागतो, जॉब आधी गरम करावा लागतो, नंतर हळूहळू गार होऊ द्यावा लागतो. वीस वर्षं हे मी दुसऱ्यांना सांगत आलोय. पण निकेल रॉड महाग आणि मला झाली होती घाई, म्हणून साध्या रॉडनं टॅक मारले. जरा गार झाल्यावर ‘टिक्’ असा आवाज आला. ज्यांनी ऐकलाय त्यांना तो आवाज माहीत असतो. मान तडकली. शेवटी ड्रिल मारून, एम 8 चा टॅप फिरवून डोकं बोल्टनं बसवलं, तर भोक तिरकं गेलेलं. साडेतीन किलोचं डोकं पुढं कललं आणि छातीला टेकायला दोन बोटं राहिली. खाली दहा एमएमची प्लेट लावली तेव्हा कुठं पडायचा थांबला.

मी परत खोलायला पाना घेतला तर लेथवरचा पोरगा लांबूनच म्हणाला, “मालक, राहू द्या की. तोंड पाडून बसल्यागत दिसालंय.” पाना खाली ठेवला.

तोपर्यंत भाचाही सामील झाला. तो आठवीत, आईशी मराठी, बापाशी कन्नड, मित्रांशी हिंदी आणि माझ्याशी फक्त क्रिकेट. 1983 साली ॲडम्सनं जॉन लॉइडबरोबर एक गमतीचा शब्दकोश केला होता, ‘द मीनिंग ऑफ लिफ’. गावांची नावं घ्यायची आणि ज्या गोष्टीला भाषेत शब्दच नाही तिला ती द्यायची. मामा-भाच्यानं तो आमच्या तालुक्यांवर बेतला. दोनशे पानी वहीतली वीस पानं भरली. देसूर : ‘येतो हं’ म्हटल्यावर उंबऱ्यात उभं राहून चालणारं अर्ध्या तासाचं बोलणं. राकसकोप : नळ सोडल्यावर पाण्याआधी येणारी फुस्स. बिजगर्णी : लग्नात आपल्याला नावानं हाक मारणारी, पण आपल्याला मुळीच न आठवणारी बाई. किणये : शेजारच्याच्या मोबाइलात डोकावताना सापडल्यावर काढलेला खोटा खोकला. कणकुंबी : छत्री बरोबर घेतली म्हणून न आलेला पाऊस. (खुद्द कणकुंबीत असं होत नाही. तिथं छत्री नेली तरी येतो आणि छत्रीसकट नेतो.) सांबरा भाच्याचा : पाहुणे वाढले म्हणून आमटीत शेवटच्या क्षणी ओतलेलं तांब्याभर पाणी. हा शब्द आता आमच्या घरात खरोखर वापरात आहे.

शेवटची वस्तू चांदीची. बेबल फिश नावाचा एक पिवळा चिमुकला मासा आहे. तो कानात घातला की कुठलीही भाषा कळते. शहापूरच्या सराफाकडं मी मासा काढलेला कागद ठेवला आणि कानाच्या पाळीवर बसणारा दागिना करायला सांगितला. त्यानं विचारलं, “जोडी?” म्हटलं, एकच. “एका कानात कोण घालतंय वो?” मी म्हटलं, मासा एकच असतो. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की पुढचं बोलणं मिटलं. ‘मंगळवारी या’ असे तीन मंगळवार गेले. ॲडम्सचीही लिखाण वेळेवर न देण्याबद्दल ख्याती होती. चौथं पुस्तक पुरं व्हावं म्हणून सॉनी मेहता हे त्याचे संपादक त्याच्याबरोबर हॉटेलात मुक्काम ठोकून राहिले होते. मला सराफाबरोबर राहणं शक्य नव्हतं. मी रोज संध्याकाळी जाऊन नुसता समोरच्या बाकावर बसायला लागलो. पाचव्या दिवशी मासा मिळाला.

ह्या माशाबद्दल पुस्तकात एक गोष्ट सांगितलीय, ती वाचताना मी थांबलो होतो. सगळ्यांना सगळ्यांची भाषा कळायला लागल्यावर युद्धं वाढली, आणि जास्त रक्ताची झाली. बाहेरच्यांना वाटतं बेळगावात लोक एकमेकांची भाषा कळत नाही म्हणून भांडतात. इथं भाजीवालीसुद्धा तीन भाषांत भाव करते. नीट कळतं, म्हणून तर भांडण रंगतं. आणि दाजींचं नि आप्पांचं सतरा वर्षांत एकदाही वाजलं नाही, कारण दोघंही एकमेकांसमोर अर्धंच बोलतात.

23 तारखेला संध्याकाळी सगळे जमलो. कुंदा आणला होता. अक्कानं टॉवेल खांद्यावर टाकला तो जेवणापर्यंत काढला नाही. वही चाळताना ती बिजगर्णीवर अडकली आणि कुणाची तरी आठवण होऊन एकटीच हसायला लागली, 2001 सालासारखी. मासा लगेच डाव्या कानाला लावला. दाजींनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, “एन्री इद?” म्हणजे हे काय? ती म्हणाली, “आता तुमचं सगळं कळतंय मला.” दाजी गप्प झाले.

मार्विन मी पोत्यात गुंडाळून नेला होता. पोतं काढलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग वाकून त्या ब्लो होलात बोट घातलं आणि म्हणाली, “डावी बाजू.” मी म्हटलं, “होय.”

आता तो तिच्या हॉलच्या दाराशी असतो. वाऱ्यानं दार आपटतं, म्हणून दार धरायला ठेवलाय. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि अक्काचा मेसेज आला : डाव्या बाजूनं गंज धरालाय, तेल पाठव.