उघडा खडक, भरलेला समुद्र

लहानपणापासून पावागड चढत आलेल्या आम्हा बडोदेकरांना लाव्हाचा दगड नवा नाही. पण तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या ज्वालामुखींतून आलेला. त्यावर माती साचली, झाडी वाढली आणि माथ्यावर देवीचे स्थान झाले. गॅलापागोसमधील बार्टोलोमे बेटावरचा लाव्हा त्यापुढे अगदी कोवळा आहे. ११४ मीटर उंचीच्या माथ्याकडे लाकडी पायऱ्यांनी चढताना ठेंगण्या निवडुंगाचे झुबके आणि राखाडी झुडपे सोडली, तर वाटेत सगळीकडे उघडा खडक आणि भुसभुशीत राखच दिसली. अशा ठिकाणी एवढे प्राणी जगतात तरी कशावर, हा प्रश्न माथ्यावर मनात होता आणि त्याचे उत्तर खाली, पाण्यात मिळाले.

ही बेटे इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १,००० किलोमीटरवर, अगदी विषुववृत्तावर आहेत, तरी पाणी इतके गार होते की वेटसूट असूनही पहिल्या क्षणी श्वास अडखळला. दक्षिणेकडून हम्बोल्ट प्रवाह थंड पाणी आणतो. पश्चिमेकडून खोलवरून येणारा क्रॉमवेल प्रवाह बेटांच्या पायथ्यावर आदळून वर चढतो आणि तळाची पोषकद्रव्ये उजेडात आणतो. त्यावर शेवाळ वाढते, शेवाळावर मासे पोसले जातात, आणि म्हणूनच विषुववृत्ताजवळ पेंग्विन राहू शकतो. खडकावर अवघडून चालणारा तो छोटा पक्षी पाण्याखाली माशांच्या थव्यात शिरला, तेव्हा त्याच्या वेगाने मी थक्क झाले. तळाशी एक शार्क निवांत पहुडला होता, हिरवे कासव शेवाळ कुरतडत होते, आणि समुद्रसिंहाचे एक पिल्लू माझ्या मास्कसमोर येऊन गिरक्या घेत होते.

प्राण्यांपासून किमान २ मीटर अंतर राखावे, हा इथला नियम. राष्ट्रीय उद्यानाचा मार्गदर्शक सोबत असल्याशिवाय अशा बेटांवर उतरताही येत नाही. आमच्या बडोद्यातल्या विश्वामित्री नदीतल्या मगरींपासून माणूस भीतीने दूर राहतो. इथे प्राण्यालाच माणसाची भीती नाही, त्यामुळे अंतर राखण्याची सारी जबाबदारी आपली ठरते, आणि ती मला अधिक कठीण वाटली. पिल्लू स्वतः जवळ येत असताना हात मागे घेणे खरोखर अवघड असते.

संध्याकाळी सांताक्रूझ बेटावर पोर्तो आयोराच्या धक्क्यावर समुद्री इग्वाना एकमेकांवर रेलून ऊन घेत होते. समुद्रात बुडी मारून शेवाळ खाणारा जगातला हा एकमेव सरडा. पोटात गेलेले जादा मीठ तो नाकपुड्यांतून फवारून टाकतो. एल निन्योच्या वर्षी पाणी तापले की त्याचे शेवाळ मरते, आणि त्या उपासमारीत या प्राण्याची लांबीसुद्धा कमी होते, असे संशोधकांना आढळले आहे. १९८२-८३ आणि १९९७-९८ च्या एल निन्योत पेंग्विनही मोठ्या संख्येने मेले. पाण्याचा हा गारठा किती मोलाचा आहे, हे त्यावरून कळते. जून ते नोव्हेंबर या काळात पाणी अधिक थंड असते. पाण्याखालचे जीवन पाहायचे असेल, तर हुडहुडी सोसण्याची तयारी ठेवून याच महिन्यांत जावे.