1968 चं पासबुक

पासबुकावर बँकेच्या नावापुढे ‘लिमिटेड’ छापलेलं दिसलं, तेव्हाच लक्षात आलं की हे राष्ट्रीयीकरणाच्या आधीचं आहे. शेवटची नोंद 1968 ची. शिल्लक 312 रुपये 40 पैसे, शाईने लिहिलेली, शेजारी क्लार्क आणि अधिकारी दोघांच्या आद्याक्षरी सह्या. आमच्या शाखेत ते घेऊन आलेल्या काकांच्या वारलेल्या वडिलांचं हे खातं. जुनं घर उतरवताना ट्रंकेत सापडलेलं.

काउंटरवरच्या सहकाऱ्याने ते उलटंसुलटं करून परत सरकवलं. “काका, ही खासगी बँक होती. सरकारने घेतली तेव्हाच तिचा हिशेब मिटला.”

इतकं धादांत खोटं उत्तर, तेही ठणकावून! 19 जुलै 1969 ला 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा त्यांची मालमत्ता आणि देणी, दोन्ही नव्या बँकांकडे आली. भागधारक मोबदला घेऊन बाजूला झाले, ठेवीदार होते तिथेच राहिले. ठेव म्हणजे बँकेच्या डोक्यावरचं कर्ज. मालक बदलला म्हणून ते फिटत नाही. राष्ट्रीयीकरण कोणत्या बँकांचं झालं, तर ‘50 कोटींहून जास्त ठेवी असलेल्या’, हे प्रमोशनच्या परीक्षेत आम्ही सगळेच बँकवाले लिहितो. पासबुक घेऊन माणूस समोर उभा राहिला की मात्र त्याला याचक समजतो.

काकांना मी माझ्या टेबलाशी बसवलं. संगणकात नावाने काहीच निघेना. त्या काळची लेजरं, म्हणजे खातेवह्या, केव्हाच नष्ट केलेली, आणि ते नियमाला धरूनच होतं, कारण ती किमान 8 वर्षंच जपायची असतात. पण 10 वर्षं व्यवहार नसलेल्या खात्यांची यादी दर वर्षी फॉर्म 9 मध्ये रिझर्व्ह बँकेला जाते आणि तिची कार्यालयीन प्रत शाखेत राहते. रेकॉर्ड रूममध्ये वाळवीने कडा खाल्लेल्या फायली होत्या. त्यांतल्या एकीत खाते क्रमांक जुळला, रक्कम पैशांसकट जुळली. नावातल्या ‘विठ्ठल’चं टायपिस्टने ‘विथल’ केलं होतं, आणि पुढे तेच जसंच्या तसं संगणकात चढलं. अशा अनक्लेम्ड, म्हणजे कोणी न मागितलेल्या ठेवींच्या याद्या करणं हे आमच्याकडे वेठबिगारीचं काम समजतात, त्याचं हे फळ. मला मात्र तो कागद हाती आला तेव्हा फार बरं वाटलं.

पैसे 2014 नंतर रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत, म्हणजे अशा पडून राहिलेल्या ठेवी जिथे जमा होतात तिथे, गेले होते. तरी वारसाचा हक्क राहतोच: बँकेने आधी त्याला द्यायचे, मग निधीतून मागून घ्यायचे. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, केवायसी, सगळं काकांनी मुकाट्याने आणून दिलं.

अडलंय ते व्याजावर. त्या खात्यावर कित्येक वर्षं व्याज चढवलेलंच नाही. बचत खातं निष्क्रिय असलं तरी व्याज द्यायचं, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. तो येण्याआधीच्या काळाचं काय, हे वरिष्ठ कार्यालय सांगत नाही. ‘लहान रक्कम आहे, पूर्ण व अंतिम म्हणून सही घ्या आणि मिटवा,’ एवढंच उत्तर येतं; म्हणजे पुढे काही मागायचं नाही. रक्कम लहान कोणासाठी? 1968 साली 312 रुपये साठवायला काकांच्या शेतकरी वडिलांना किती पोट मारावं लागलं असेल!

मी आदेशाची प्रत जोडून पुन्हा पत्र पाठवलंय. काकांनाही सांगितलंय, मूळ रक्कम घ्या, पण ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या कागदावर सही करू नका.