चुन्याच्या निवळीत दिसणारा समुद्र

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली की ती दुधाळ होते, हे शाळेत सर्वांनीच पाहिलेले असते. पण फुंकत राहिल्यास तो दुधाळपणा हळूहळू नाहीसा होऊन पाणी पुन्हा नितळ होते, हा प्रयोगाचा उत्तरार्ध मला अधिक मोलाचा वाटतो. आधी तयार झालेले कॅल्शियम कार्बोनेट जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडमुळे बायकार्बोनेट होऊन विरघळते, आणि शिंपले व प्रवाळ नेमके याच कॅल्शियम कार्बोनेटचे बनलेले असतात.

समुद्रात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून कार्बोनिक आम्ल बनते, त्यातून हायड्रोजन आयन सुटे होतात आणि त्यांतील बरेचसे पाण्यातील कार्बोनेट आयनांशी जोडले जातात. त्यामुळे कवच बांधणाऱ्या जिवांना लागणारा कच्चा मालच कमी पडतो.

सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये मांडलेली सामूची, म्हणजेच पीएचची, मोजपट्टी लॉगरिदमवर आधारलेली असल्यामुळे तिच्यावर एक अंक खाली येणे म्हणजे हायड्रोजन आयनांचे प्रमाण दहापट होणे. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठभागाचा सरासरी सामू सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. ही घट किरकोळ भासली, तरी हायड्रोजन आयनांचे प्रमाण तिने सुमारे पाव पटीने वाढले आहे. समुद्र अजूनही अल्कधर्मीच आहे (या घटीला समुद्राचे ‘आम्लीकरण’ म्हणतात, पण तो शब्द केवळ बदलाची दिशा सांगतो), परंतु काही सागरी गोगलगायींच्या कागदाहून पातळ कवचांना एवढा बदलही सोसवत नाही, याची मला मनापासून काळजी वाटते.