गार्गॉइलचं प्रायश्चित्त काढताना

जिवंत गार्गॉइलवर, म्हणजे जुन्या चर्चच्या छपराकडेला पाणी ओकणाऱ्या दगडी प्राण्यावर, कॉमिक करायचं ठरलं तेव्हा पहिला प्रश्न होता जागेचा. पॅरिसचं नोत्र-दाम हे कथीड्रल, म्हणजे मुख्य चर्च, सगळ्यांना ठाऊक आहे. पण गच्चीवरून शहराकडे बघत बसलेल्या तिथल्या प्रसिद्ध आकृती एकोणिसाव्या शतकातल्या जीर्णोद्धारात वास्तुविशारद व्हिओले-ल-द्यूकने बसवलेल्या आहेत आणि त्यांच्या तोंडून पाणी येत नाही. मला पाणी वाहणाराच प्राणी हवा होता. छपरावरचं पाणी पन्हळीतून गार्गॉइलच्या घशात येतं आणि भिंतीपासून लांब फेकलं जातं, म्हणून दगडांमधला चुना धुऊन जात नाही. आपल्या देवळातलं गोमुखच, पण खूप उंचावरचं आणि दात विचकलेलं.

दुसरीकडे ड्रुइडांबद्दल, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहितांबद्दल, वाचन चालू होतं. रोमन सेनापती सीझर लिहितो की गॉलचे (आजच्या फ्रान्सच्या भागातले) ड्रुइड दरवर्षी कार्नुतेस जमातीच्या प्रदेशात एका पवित्र जागी जमत. त्या कार्नुतेसांवरूनच शार्त्र गावाचं नाव पडलं. आणि शार्त्रचं कथीड्रल, 1194च्या आगीनंतर नव्याने उभारलेलं, गार्गॉइलांसकट आजही उभं आहे. कथा तिथेच घडणार हे पक्कं झालं.

जादू कशी काढायची, यावर मात्र मी फार रेंगाळले. रोमन लेखक प्लिनीने वर्णन केलेला विधी चित्रासाठी तयारच आहे: पांढऱ्या वस्त्रातला ड्रुइड, ओकचं झाड, सोन्याचा विळा. पण माझं मन अडकलं सीझरच्या दुसऱ्या एका नोंदीत. ड्रुइडांची विद्या मुखोद्गत असे, काही शिष्य त्यासाठी वीस वीस वर्षं घालवत, आणि ती लिहून ठेवणं निषिद्ध होतं. वेदपाठाची परंपरा माहीत असलेल्या आपल्याला हे लगेच उमगतं. मग जी विद्या लिहायची नाही, ती संवादाच्या फुग्यात छापायची कशी? मी मंत्रांचे फुगे अक्षरांविना ठेवले; आत फक्त ओकच्या पानांच्या शिरा. नायकाचं पापही तिथेच सापडलं. तो एक शिष्य आहे. गुरूचे मंत्र ग्रीक लिपीत उतरवून तो रोमनांच्या हाती देतो आणि ड्रुइडांचं अख्खं वन तोडलं जातं. त्याचा जीव दगडात अडकतो. शतकांनंतर तोच दगड कथीड्रलसाठी घडवला जातो. घशातून पाणी वाहत असेल तेवढाच वेळ तो जिवंत असतो, असा नियम मी घालून घेतला.

शार्त्र पॅरिसहून रेल्वेने साधारण तासाभरावर. गेले ते मुद्दाम पावसाळी दिवशी. ओला चुनखडी दगड किती गडद होतो आणि धार वाऱ्याने कशी फाटते, हे फोटोवरून कधीच कळलं नसतं. तिथल्या रेखाटनांवरूनच पुढची सगळी पानं उभी राहिली.

कथेचा कळस इतिहासाने हातात दिला. 1836मध्ये कथीड्रलचं लाकडी छप्पर जळालं. त्या दाट लाकडी सांगाड्याला लोक ‘अरण्य’ म्हणत! छपरावरचं शिसं वितळलं, पण खालचं दगडी कमानींचं छत टिकलं. माझ्या गोष्टीत त्या दिवशी पाऊस नाही. वितळलेलं शिसंच गार्गॉइलच्या घशात येतं, त्यानेच तो जागा होतो, आणि खाली माणसं बघून तोंड मिटून घेतो. या पानांवर मी कुंचला बाजूला ठेवून टाकानेच शाई भरली. जाड, तुटक रेघा हव्या होत्या.

अक्षरलेखनाला वेळ लागला, कारण देवनागरीत मात्रा-उकारांना वर-खाली जागा द्यावी लागते आणि फुगे मोठे होतात. त्यामुळे संवादच कापले. बरंच झालं.

कच्ची पानं पाहून एका मैत्रिणीने सुचवलं, शेवटी त्याला उःशाप मिळू दे, माणूस होऊ दे. मला ते पटलं नाही. ज्याने वन घालवलं त्याने भिंत राखावी, आणि आता स्वतःहून राखावी, एवढंच मला हवं आहे. शेवटच्या पानावर तो जागीच आहे, वर लोखंडी सांगाड्यावरचं नवं तांब्याचं छप्पर. हिरवं पडलेलं तांबं छपाईत निळसर उतरतं, म्हणून छापखान्याकडून तेवढ्या पानाचा नमुना आधी मागवला आहे.