चौरंगाला सूतभर जागा हवी

गणपती जवळ आले की पुण्यात चौरंगांना मागणी येते. चौरंग भर पावसात तयार होतो, भाद्रपदात त्यावर मूर्ती बसते आणि पुढच्या वैशाखात फळीला मधोमध चीर पडते. मग सगळे म्हणतात, पूर्वीसारखं सागवान राहिलं नाही. बहुतेक वेळा सागवानात काहीच खोट नसते. फळी चारी बाजूंनी चुका (बारीक खिळे) मारून जखडलेली असते, आणि आकसायला जागा मिळाली नाही की ती फाटते.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. लांबीत त्याने जवळपास काही फरक पडत नाही, सगळा खेळ रुंदीत होतो. अठरा इंच रुंदीची सागाची फळी घ्या. श्रावणातल्या आणि एप्रिलमधल्या हवेमुळे तिच्यातला ओलावा चार टक्क्यांनी बदलला, तर ती साधारण ३ मिलिमीटर कमी-जास्त होते. म्हणजे एक सूत. इंचाचा आठवा भाग, पण तो अडवायची ताकद कुठल्याच खिळ्यात नाही. फळी ओंडक्याच्या मध्याकडून परिघाकडे, म्हणजे वर्षवलयांना काटकोनात कापलेली असेल, तर हा फरक निम्म्यावर येतो. म्हणून फळीचं टोक बघून घ्या. टोकावर वलयं उभी दिसली तर ती फळी वरच्या तक्त्यासाठी ठेवा. आडव्या कमानी दिसल्या तर तिच्यातून सांगाड्याच्या पट्ट्या काढा.

अठरा इंची चौरस, अकरा इंच उंच चौरंगाला रंधून-कापून जाणारं लाकूड धरून अर्ध्या घनफुटाहून थोडं जास्त सागवान लागतं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून घ्या किंवा पेठांमधल्या पाडलेल्या वाड्याची तुळई मिळाली तर ती घ्या. जुन्या तुळईवरून करवत लावण्याआधी लोहचुंबक फिरवावा, आत मोडून राहिलेले खिळे असतात आणि एक खिळा करवतीचे दात घालवतो. वाड्याचं लाकूड शंभर वर्षं वाळलंय, ते आता हलणार नाही, असं ठामपणे सांगितलं जातं. ते चूक आहे. जुनं लाकूडही पावसाळ्यात फुगतं. कडेचा पांढरा भाग मात्र नवं-जुनं काहीही असो, काढूनच टाका. कीड तिथूनच शिरते.

लाकूड वाळलंय का, हे दुकानदाराच्या शब्दावर ठरवू नका. फळीच्या टोकाकडचे चार-सहा इंच सोडून आतला एक तुकडा कापा आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोला. मग ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या जरा वर ठेवा आणि दर तासाने तोला. वजन उतरायचं थांबलं की तो पूर्ण कोरडा झाला. आधी ११२ ग्रॅम होता आणि शेवटी १०० भरला, तर ओलावा १२ टक्के. पुण्यातल्या घरात वापरायच्या वस्तूला दहा ते बारा चांगला. अठरा-वीस निघाला तर फळ्यांच्या मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशी थप्पी रचा आणि टोकांना मेण किंवा जाड रंग लावा. टोकाकडून पाणी सगळ्यात झपाट्याने उडतं, त्यामुळे चिरा तिथूनच सुरू होतात. इंचभर जाडीच्या ओल्या फळीला सावलीत वर्षभर तरी लागतं.

आता सांगाडा. पाय दोन इंच चौरस. आडव्या पट्ट्या अडीच इंच रुंद, सात सूत जाड, साडेचौदा इंच लांब. त्यात दोन्ही टोकांना एकेक इंचाचं कुसू, म्हणजे पायातल्या खाचेत बसणारी जीभ. कुसू तीन सूत जाड, दोन इंच उंच. वरचं अर्धा इंच कापून टाकायचं, नाहीतर पायाची खाच थेट माथ्यापर्यंत जाते आणि पाय उभा फाटतो. खाच नऊ सूत खोल घ्या, म्हणजे कुसवाचं टोक तळाला टेकण्याआधी पट्टीचे खांदे (कुसवाच्या मुळाशी उरलेल्या कडा) पायाला भिडतात. खाच आधी आणि कुसू नंतर, हा क्रम सोडू नये. पटाशीने पाडलेली खाच मागाहून लहान करता येत नाही, कुसू मात्र रंध्याने केसभर उतरवता येतं. हाताच्या दाबाने निम्मं आत जावं आणि उरलेलं लाकडी हातोड्याच्या दोन-तीन ठोक्यांत बसावं, इतकंच घट्ट हवं. ठोकून ठोकून बसवलेलं कुसू त्या दिवशी छान वाटतं, पावसाळ्यात तेच पाय फोडतं.

सांधा खुंटीने आवळायचा असेल तर (आवळावाच) पायातलं भोक आणि कुसवातलं भोक एका रेषेत पाडायचं नाही. पायाला गिरमिटाने तीन सुताचं भोक पाडा, कुसू आत घालून भोकाच्या मध्याची खूण त्यावर उतरवा, कुसू बाहेर काढा आणि त्याचं भोक त्या खुणेपासून अर्धा सूत खांद्याच्या दिशेने सरकवून पाडा. खुंटी आत जाताना वाकते आणि सांधा ओढून घेते. उलट्या दिशेला सरकवलं तर तीच खुंटी सांधा उघडते. एक सूत सरकवलं तर खुंटी मोडते किंवा कुसू फाटतं. खुंटी बाभळीची, आणि करवतीने कापलेली नको, चिरून काढलेली हवी, म्हणजे रेषा (लाकडाच्या तंतूंची दिशा) टोकापासून टोकापर्यंत सलग राहते.

सांधेच नकोत, असाही एक मार्ग आहे. उत्तर नायजेरियातले हौसा कारागीर स्टूल एकाच ओंडक्यातून कोरून काढतात. त्यासाठीचं त्यांचं हत्यार 'गिझागो', लाकूड तासायच्या आपल्या वाकसाचं सख्खं भावंड. तिथे कुसू सैल होण्याची भीती नाही. पण ओंडक्याचा मधला गाभा बैठकीत राहिला तर चीर ठरलेली, कारण लाकूड घेराच्या दिशेने जास्त आकसतं आणि मध्याच्या दिशेने कमी. जखडलेला चौरंगही शेवटी आकसण्याच्या ताणानेच फुटतो.

वरचा तक्ता साडेचार इंची चार पट्ट्या फेविकॉलने जोडून करा, पण हा तक्ता सांगाड्याला मात्र चिकटवायचा नाही. आडव्या पट्ट्यांच्या आतल्या अंगाला, वरून अर्धा इंच सोडून, दोन सूत रुंद आणि तीन सूत खोल खाच पाडा. मग एल आकाराचे छोटे ठोकळे करा: त्यांची जीभ खाचेत आणि पाठ तक्त्याला पितळी स्क्रूने. ठोकळ्याची पाठ आणि तक्ता यांत लग्नपत्रिकेच्या कागदाइतकी फट राहील असं बेता, म्हणजे स्क्रू आवळल्यावर तक्ता खाली ओढला जातो. तक्त्याच्या रेषेला समांतर असलेल्या दोन पट्ट्यांवर हंगाम बघायचा. पावसाळ्यात बसवताना जीभ खाचेत पूर्ण सारा, कारण तक्ता पुढे आकसणारच आहे. उन्हाळ्यात बसवताना अर्धा-पाऊण सूत बाहेर ठेवा. उरलेल्या दोन पट्ट्यांच्या मधोमध एकेक स्क्रू घट्ट, म्हणजे हालचाल दोन्हीकडे सारखी वाटली जाते.

पॉलिश तक्त्याच्या दोन्ही अंगांना. वरून चकाचक आणि खालून कोरा ठेवला की खालची बाजू एकटीच ओलावा घेते आणि तक्त्याला बाक येतो. अभिषेकाचं पाणी सांडणार असेल तर लाखेचं पॉलिश नको, त्यावर पांढरे डाग उठतात. जवसाचं तेल बरं: पातळ हात, दहा मिनिटांनी पुसून घ्यायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा, असे चार-पाच हात. पायांचे तळ तेल पिणं थांबेपर्यंत पाजा. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आतल्या आत तापतात आणि पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा.

घरातला जुना चौरंग आधीच फुटला असेल तर उन्हाळ्यात चिरेत पुटी भरू नका. पावसात लाकूड फुगल्यावर त्या पुटीवर दाब येतो आणि चीर पुढे सरकते. आधी चुका उपटून तक्ता मोकळा करा. चिरेवरून करवत चालवून दोन्ही कडा सरळ करा, रंधा मारून जोडा, आणि मग ठोकळ्यांवर बसवा. दीड-दोन सूत रुंदी जाईल, पण चौरंग राहील.