आमची वाटचाल: छज्ज्यापासून लेआउटपर्यंत

गोव्यातल्या फोंड्यात पहिल्या मजल्यावर आमचे ऑफिस आहे. पाटीवर अजूनही ‘आराखडे, परवाने, अंदाजपत्रके’ एवढेच लिहिलेले आहे. ती पाटी बदला, असे मुलगी दर गणपतीला सुनावते. तिचे बरोबर आहे, कारण आताशा आमच्याकडे येणाऱ्यांतले निम्मे लोक वेगळाच प्रश्न घेऊन येतात: घर बांधायचे आहे, पण एसी कमीत कमी लागेल असे. परवान्याचे काम त्यांच्या दृष्टीने त्यानंतरचे.

फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून सिव्हिल झालो, काही वर्षे एका कंत्राटदाराच्या साईट्स सांभाळल्या आणि मग स्वतःचे टेबल टाकले. सुरुवातीची कमाई आराखड्यांवर झाली नाही, ती पत्र्यांवर झाली. आपल्याकडे पाऊस वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. स्लॅब घातला की काही पावसाळ्यांत ओल धरतो, मग घरकार वैतागून वर लोखंडी सांगाडा उभारतो आणि पत्रे चढवतो. गोव्यात गावोगाव हे दिसते. शहरातले वास्तुविशारद त्याला नाके मुरडतात, आम्ही मात्र त्यावर ऑफिसचे भाडे भरले.

गळती थांबली, हे लोक सांगायचेच. त्याच्या जोडीला दुसरी एक गोष्ट ऐकू येऊ लागली: वरच्या खोलीत रात्री झोप लागते. कारण साधे आहे. उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती उष्णता रात्री खाली सोडतो. वर पत्रा आला की ऊन पत्र्यावर अडते आणि मधल्या पोकळीतून वारा गरम हवा काढून नेतो. अर्थात वारा खेळला तर. बरेच जण दोन्ही टोके चिऱ्यांनी बंद करून टाकतात, सामान ठेवायला जागा म्हणून. मग ती पोकळी भट्टी होते. आम्ही टोकांना जाळी ठेवायचा आग्रह धरू लागलो, आणि त्या जाळीपासून आमचा ऊर्जेचा धंदा सुरू झाला असे म्हणायला हरकत नाही.

पुढचा टप्पा खिडक्यांचा. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण उत्तर भारतातली मासिके वाचून घर बांधणाऱ्यांचा इथेच घोटाळा होतो. जाड भिंतींनी घर थंड राहते हे कोरड्या हवेत खरे, जिथे दिवस तापतो आणि रात्र चांगलीच गार होते. पणजीत मे महिन्यात दिवसा तेहतीस अंश आणि रात्री सव्वीस-सत्तावीस. भिंतीने रात्री थंड व्हायचे तरी कसे? दमट हवेत अंगाला वारा लागला पाहिजे, बाकी सगळे त्यानंतर. म्हणून खिडकी किती मोठी यापेक्षा ती उघडते किती, हे महत्त्वाचे. दोन पाटांची सरकती खिडकी फक्त अर्धी उघडते. बिजागऱ्यांची जवळजवळ पूर्ण उघडते. तरीही बाजारात सरकत्या खिडक्यांचीच चलती आहे, कारण त्या स्वस्त पडतात आणि पडद्याला आडव्या येत नाहीत. एका निवृत्त मास्तरांनी मला ऐकवले होते, “भाऊ, खिडकीला पैसे दिले सहा फुटांचे आणि वारा येतो तीन फुटांचा!” मी हे वाक्य नंतर कितीतरी गिऱ्हाईकांना उसने दिले आहे.

छज्ज्याचे गणित आम्ही ऑफिसात येणाऱ्या नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. पणजी-फोंड्याचा अक्षांश साधारण साडेपंधरा. मार्चच्या विषुवदिनी भर दुपारी दक्षिणेकडच्या खिडकीवरचा दोन फुटांचा छज्जा सात फूट सावली टाकतो. डिसेंबरात तोच छज्जा अडीच फूट. पश्चिमेला मात्र एप्रिलमध्ये संध्याकाळी पाच वाजता तो जेमतेम फूटभर सावली देतो, म्हणजे असून नसल्यासारखा. आणि बहुतेकांना ठाऊक नसते की मे महिन्याच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दहा-बारा तारखेपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. उत्तरेची भिंत सुरक्षित, तिथे काच लावून टाका, हा सल्ला आपल्यापेक्षा बऱ्याच उत्तरेकडच्या प्रदेशांसाठीचा आहे. इथे मे महिन्यात तीही थोडी झाकावी लागते.

खरी अडचण पश्चिमेची. दुपारनंतरचे ऊन तिकडून, आणि मृगाचा पाऊसही तिकडूनच. जुन्या घरांनी दोन्हींवर एकच उपाय केला होता: खाली उतरलेले कौलारू छप्पर, त्याखाली वसरी (पुढची पडवी), आणि समोर एखादा फणस. चिऱ्याची भिंत पावसात भिजत नसे आणि उन्हात तापत नसे. राजांगणाच्या चौकातून गरम हवा वर निघून जाई. हे कौतुक मी गतकाळाच्या ओढीने करत नाही. तेव्हा जागा मुबलक होती आणि घरात माणसेही दहा-पंधरा असत. आज तीनशे-चारशे चौरस मीटरच्या प्लॉटवर वसरी मागितली की कव्हरेज, म्हणजे प्लॉटवर बांधून झाकता येणारी जागा, संपते.

मुद्दा इथेच येतो, आणि तो लक्षात यायला आम्हाला बरीच वर्षे लागली. घर आमच्या टेबलावर येते तेव्हा अर्धा निकाल आधीच लागलेला असतो. प्लॉट पाडणाऱ्याने रस्ता ज्या दिशेने ओढला त्याच दिशेला घराचे तोंड होणार, बाजूला तीन-तीन मीटर सोडून शेजारी उभा राहणार, आणि हवा व काच दोन्ही पुढच्या-मागच्या भिंतीतच येणार. रस्ता उत्तर-दक्षिण गेला की प्रत्येक घराची बैठक पूर्वेला नाहीतर पश्चिमेला. मग आम्ही उभे पडदे लावतो, काच बदलतो, झाड सुचवतो. ही मलमपट्टी. तोच रस्ता पूर्व-पश्चिम गेला तर मोठ्या खिडक्या उत्तर-दक्षिणेला येतात, आणि पूर्व-पश्चिमेच्या बाजू एकमेकांना सावली देतात. खर्च शून्य. वीजबिल ठरते ते सब-डिव्हिजनच्या, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडण्याच्या नकाशावर, बिगरशेती वापराची सनद हातात येण्याच्याही आधी.

कुर्टीच्या बाजूला एका उतारावर आम्हाला हे पहिल्यांदा करून बघता आले. मालक नात्यातले काकाच, त्यामुळे ऐकून घेतले. आधीच्या नकाशात रस्ता टेकडीवर सरळ चढवलेला होता, दोन्ही बाजूंना प्लॉटच्या पट्ट्या. आम्ही तो समपातळीच्या रेषांना धरून आडवा फिरवला. उन्हाचे गणित तर जुळलेच, शिवाय डोंगर कापणेही कमी झाले. (डोंगरकापणीवर नगर नियोजन कायद्याच्या कलम १७-अ चा बडगा असतो, हे इथे प्रत्येक मेस्तालाही (गवंड्यालाही) माहीत आहे.) अडले ते एका प्लॉटवर. “रस्ता लांबला, प्लॉट गेला. त्याचे पैसे कोण देणार?” काकांचा प्रश्न रास्त होता. मग पश्चिमेच्या कडेला आधीपासून उभी असलेली काजू-फणसाची झाडे आम्ही नियमाप्रमाणे सोडाव्या लागणाऱ्या खुल्या जागेत घेतली. पूर्वी ती खुली जागा एका निरुपयोगी कोपऱ्यात ढकललेली होती, तो कोपरा प्लॉटमध्ये आला. हिशेब जुळला, झाडे तोडायच्या परवानगीची कटकटही टळली. आज त्या पट्ट्यातल्या घरांना संध्याकाळी सावली आहे.

कायदा या बाबतीत कुठे आहे? ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. व्यावसायिक इमारतींसाठीची संहिता २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये सुधारली गेली. ती लागू होते शंभर किलोवॉट जोडभार (सगळ्या उपकरणांची मिळून क्षमता) किंवा एकशेवीस केव्हीए वीजमागणी असलेल्या इमारतींना. कळंगुटचे मोठे हॉटेल त्यात येईल, फोंड्यातल्या तिस्कावरचे दुमजली दुकान कधीच येणार नाही. निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ आली, पाचशे चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटसाठी. तिच्यात दोन आकडे मला फार आवडतात. भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला पंधरा वॉटच्या आत हवी, आणि दमट हवामानात उघडणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के हवे. सरकत्या खिडकीला इथे अर्धेच गुण मिळतात. मास्तरांचे म्हणणे केंद्र सरकारने मान्य केले, असे आम्ही ऑफिसात म्हणतो! पण या संहितांना दात येतात ते राज्याने आपल्या बांधकाम नियमांत त्या घेतल्यावर, आणि त्या सुरू होतात प्लॉटच्या कुंपणापासून आत. कुंपण कुठल्या दिशेला असावे, याबद्दल त्या गप्प आहेत.

आणि गोव्यात नियोजनावर भांडण कमी होते असे नाही. २०११ सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा लोकांच्या आंदोलनामुळे २००७ मध्ये रद्द करावा लागला, नंतर २०२१ पर्यंतचा आला, पुढे जमिनीचा वापर बदलू देणारी कलमांमागून कलमे. मीही सभांना जातो. पण सगळी लढाई नकाशावरच्या रंगावर होते: ऑर्चर्ड (बागायत) की सेटलमेंट (वस्ती). ती झालीच पाहिजे, डोंगर आणि शेते गेली तर छज्जे मोजून काय करायचे? तरी एकदा सेटलमेंटचा रंग लागला की आत रस्ते कसे जावेत हे सर्वेअर आणि मालक ठरवून मोकळे होतात. नियमाने किती साधते हे बघायचे तर पणजीच्या १८ जून रस्त्यावर दुपारी चालून बघावे. दुकानांपुढच्या आर्केडमुळे माणूसही सावलीत आणि दुकानाची काचही. एकेका मालकाच्या मर्जीवर सोडले असते तर ती सलग पडवी झाली नसती.

कोरोनानंतरच्या व्हिलांच्या लाटेत आम्हीही हात धुऊन घ्यायला हवे होते, असे मित्र म्हणतात. काही कामे केली, काही सोडली. एका बिल्डरला सूर्यास्तासाठी पश्चिमेला दोन मजली सलग काच हवी होती, उघडणारे तावदान एकही नको. आम्ही बाहेर सावलीची पडवी सुचवली, त्याने दुसरा माणूस बघितला. व्यवहाराने तोही चुकत नाही, तो विकतो तो फोटो. बिल भरणारा नंतर येतो. अशी घरे पावसाळ्यात कुलूप लावून ठेवली की आत गाद्यांना, कपाटांना बुरशी धरते, आणि मग हवा कोरडी ठेवायला रिकाम्या घरात एसी चालू. दरवर्षी सप्टेंबरात आम्हाला असे फोन येतात. छपराखाली जाळीदार झरोके काढून देणे, हे आता आमचे एक ठरलेले काम झाले आहे.

सौरऊर्जेचे काम आम्ही स्वतः करत नाही, पण छप्पर आखताना तिचा विचार करावाच लागतो. २०२४ च्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेत तीन किलोवॉटला अठ्ठ्याहत्तर हजारांपर्यंत अनुदान असल्यामुळे विचारणा वाढली. किलोवॉटला साधारण दहा चौरस मीटर मोकळे छप्पर लागते. आज मोकळे असलेले छप्पर उद्या शेजारी चार मजले चढले की सावलीत जाईल, आणि त्यावर दाद मागायची सोय आराखड्यात नाही. म्हणून आम्ही आधी वापर कमी करायला सांगतो. पंचाहत्तर वॉटचा जुना पंखा काढून तीस वॉटचा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचा) पंखा लावला तर वारा तोच आणि पॅनल कमी. पंखा बदलण्यात मिरवण्यासारखे काही नसते, त्यामुळे हे ऐकणारे थोडे.

धंद्याचे म्हणाल तर सल्ल्याचे वेगळे बिल आम्ही काढून बघितले, ते कोणी भरले नाही. नकाशाला लोक पैसे देतात. म्हणून आता लेआउटच्या फीमध्येच ऊन-वाऱ्याचा अभ्यास धरलेला असतो, मागा किंवा न मागा. ऑफिसात आम्ही चौघे आहोत. ड्रॉइंग बघणाऱ्या बाईंनी बीईईचे (केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे) मोफत मिळणारे साधन वापरून निवासी संहितेचा हिशेब करायला स्वतःच शिकून घेतले, आणि आता सर्वेअरशी भांडायचे कामही त्यांच्याकडेच आहे.

सध्या डिचोली तालुक्यातल्या एका वडिलोपार्जित जमिनीचे वाटणीसह लेआउट चालू आहे. चार भाऊ, प्रत्येकाला रस्त्याला लागून जागा हवी, आणि रस्ता उत्तर-दक्षिण नेला तरच ते सोपे जाते. तोडगा अजून निघालेला नाही. अशा कामासाठी यायचे असेल तर एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या मालकीचा उतारा) आणि सर्वे प्लॅन आणाच, पण जागेवरच्या मोठ्या झाडांच्या जागा आणि उताराच्या पातळ्याही मोजून आणा. आणि जेसीबी बोलावण्याआधी या.