तुम्ही विचारलंत म्हणून: पूर आलेला असताना पिक्चर बघवतो कसा?

दर रविवारी सकाळी मी वहीच्या एका पानाचा फोटो काढून साठेक माणसांना पाठवते. त्यात पोस्टातले जुने सहकारी आहेत, नात्यातले आहेत, सोसायटीतल्या चारदोन बायका आहेत. पानाच्या वरच्या अर्ध्यात त्या आठवड्यात काय घडलं ते असतं. खालच्या अर्ध्यात मी काय पाहिलं ते: एखादा सिनेमा, एखादी मालिका, कधी क्रिकेटचा सामना. पाच वर्षांहून जास्त काळ हे चाललंय, आणि इतक्या वर्षांत एकच प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारला गेलाय. बाहेर एवढं चाललेलं असताना तुम्हाला सिनेमा बघवतो कसा? आणि बघितलात तरी गेलेल्या माणसांच्या खाली, त्याच पानावर, तो लिहवतो कसा?

कुणी हा प्रश्न आडून विचारतं, कुणी सरळ. सगळ्यात सरळ तो माझ्या भाच्यानं विचारला आणि त्याला त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. म्हणून त्याच आठवड्यापासून सांगते. २२ ते २८ सप्टेंबर २०२५.

माझं माहेर परंडा तालुक्यात, सीना नदीच्या बाजूला. सोमवारी घटस्थापना होती. त्याच्या आगेमागे जो पाऊस झाला तो दादाच्या म्हणण्याप्रमाणे आमच्या वडिलांनीही कधी पाहिला नव्हता. सोयाबीन काढणीला आलेलं. नदी पात्र सोडून शिवारात शिरली आणि शिवारातून गावात. धाराशिव, बीड, सोलापूर, सगळीकडे तेच. परंडा आणि भूम भागात हेलिकॉप्टरनं माणसं बाहेर काढावी लागली. दादाचं कुटुंब उंचावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलं. भाचा मागं राहिला, म्हशींची दावी कापायला. एक वासरू त्याच्या हातून सुटलं ते सुटलंच.

मी छत्रपती संभाजीनगरात. रस्ते बंद, फोन लागला तर लागला. मी टीव्हीसमोर बसून होते. मंगळवारी दिल्लीत राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार दिले गेले. मराठी चित्रपटाचा पुरस्कार ‘श्यामची आई’ला, बालचित्रपटाचा ‘नाळ २’ला. ‘नाळ २’मधली साडी नेसलेली चिमुरडी पुरस्कार घ्यायला गेली तेव्हा सगळं सभागृह हसून टाळ्या वाजवत होतं. मलाही हसू आलं, आणि पुढच्याच मिनिटाला पडद्यावर वरून टिपलेलं पाणी होतं, त्यात पत्र्यांचे चौकोन. त्यातलं आमचं छप्पर कुठलं ते शोधत राहिले. बुधवारी लेहमध्ये आंदोलनात गोळीबार होऊन चार जण गेले. शनिवारी रात्री तमिळनाडूत करूरला विजय या नटाच्या राजकीय सभेत चेंगराचेंगरी झाली, त्यात ४१ माणसं गेली, लहान मुलंसुद्धा. तासन्‌तास उन्हात उभी होती ती. पडद्यावर ज्याला वर्षानुवर्षं पाहिलं तो एकदा डोळ्यांनी दिसावा, यात त्यांचा काय गुन्हा? त्या बातमीवर मी बराच वेळ थांबले होते, कारण सिनेमा आणि घडामोडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं म्हणणाऱ्यांना मला ती जागा दाखवावीशी वाटते.

पण करूरची बातमी येण्याआधी, शनिवारी दुपारी, मी ‘होमबाउंड’ पाहून आले होते. आदल्याच दिवशी लागला होता. चार दिवस टीव्हीसमोर बसून माझं काय झालंय ते लेकीला दिसत होतं, तिनंच तिकिटं काढली. थिएटरात दहा-बारा माणसं. मी फोन मुठीत धरून बसले, दादाचा आला तर कळावा म्हणून.

नीरज घायवान यांचा हा सिनेमा पत्रकार बशारत पीर यांच्या २०२० मधल्या एका लेखावर बेतलेला आहे. उत्तरेकडच्या खेड्यातले दोन मित्र, एक मुसलमान, दुसरा, चंदन, दलित. पोलीस भरतीची परीक्षा देतात, निकालाची वाट बघत बसतात, शेवटी पोटासाठी सुरतेला कापडाच्या कारखान्यात जातात. मग टाळेबंदी लागते आणि दोघं घराकडे निघतात. एकच पोचतो. गोष्ट मला आधी ठाऊक होती, रस्त्याकडेला मित्राला मांडीवर घेऊन बसलेल्या पोराचा त्या वेळचा फोटो देशानं पाहिला होता. ठाऊक नव्हत्या त्या टाचा. चंदनच्या आईच्या भेगाळलेल्या टाचा. कॅमेरा खाली वाकून त्या बघतो आणि घाई करत नाही. एवढ्या मोठ्या सिनेमातून माझ्याबरोबर घरी आल्या त्या टाचाच.

रात्री शाळेतल्या कुणाच्या तरी मोबाइलवरून वहिनीशी बोलणं झालं. पाच दिवस मी रोज तेच विचारत होते: पाणी किती आहे, ओसरलं का, पंचनाम्याला कुणी आलं का. टीव्ही जे विचारत होता तेच. त्या रात्री मी विचारलं, “वहिनी, पाय कसे आहेत तुमचे?”

वहिनी जरा वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “पायाचं काय विचारताय ताई. चिखल्यांनी बोटांच्या बेचक्या फुटल्यात. उभं राहवंना.” पाच दिवस ओलं लुगडं, ओली फरशी, दारात गुडघाभर चिखल. शाळेत होत्या तेवढ्या सगळ्या बायकांचं तेच. चिखल्यांवर उपाय म्हणून मेंदी लावायची म्हटलं तर ती वाळायला कोरडी जागा नाही. गावाकडे जाणाऱ्या मदतीच्या टेम्पोत तांदूळ होता, साखर होती, चादरी होत्या. गमबूट कुणाच्या यादीत नव्हते. सोमवारी माझ्या लेकीनं आणि तिच्या मैत्रिणींनी वर्गणी काढून बारा जोड गमबूट, मलमाच्या ट्यूबा आणि सुती फडक्यांचं गाठोडं त्या टेम्पोत टाकलं.

हे मी स्वतःची पाठ थोपटायला सांगत नाही. बारा जोडांनी गावाचं काय होतंय? मला एवढंच म्हणायचंय की मी त्या मातीतली, लहानपणी माझ्याच पायांना दर पावसाळ्यात चिखल्या व्हायच्या, आणि तरी वरून दिसणारं पाणी बघत मी पाय विसरले होते. ते मला सुरतेहून घरी निघालेल्या दोन पोरांच्या गोष्टीनं आठवून दिले.

रविवारी सकाळी नेहमीसारखं पान पाठवलं. वर परंडा, भूम, माढा, करमाळा, लेह, करूर. खाली ‘होमबाउंड’. भाच्याच्या फोनला तेव्हाच कुठे रेंज आली होती. त्याचा फोन आला. “आत्या, हितं गाव पाण्यात हाय आन् तुला पिच्चर बघू कसा वाटतोय?”

मी काहीच बोलले नाही. तो ज्या पाण्यात उभा होता तिथून तो प्रश्न बरोबरच होता. त्याच रात्री दुबईत आशिया चषकाचा भारत-पाकिस्तान अंतिम सामना झाला. मीही पाहिला, आनंदही झाला. पण सोमवारी सकाळी सगळ्या वाहिन्यांवर जिंकलेल्या भारतीय संघानं चषक कुणाच्या हातून घेतला नाही आणि का घेतला नाही, हेच होतं. मराठवाडा खालच्या पट्टीत सरकत होता.

माझी ही वही सुरू कशी झाली ते आता सांगायला हवं.

मी टपाल खात्यात ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी मनीऑर्डरच्या खिडकीवर. वाळूज, चिकलठाण्याच्या कारखान्यांतली परप्रांतीय मुलं पगार झाला की यायची. मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली दोन ओळींचा मजकूर लिहायला जागा असायची. पुष्कळांना लिहिता यायचं नाही, मी लिहून द्यायची. ‘अम्मा की दवा लाना.’ ‘छत का काम अभी मत करना.’ दोन ओळींत आख्खं घर असायचं.

८ मे २०२० ला पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांच्या अंगावरून मालगाडी गेली. जालन्याच्या स्टील कारखान्यातले, मध्य प्रदेशातले. भुसावळहून गाडी मिळेल या आशेनं रुळांच्या कडेनं चालत निघाले होते. करमाड माझ्या घरापासून तासाभराच्या आत. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचा फोटो तुम्हीही पाहिला असेल. मी सकाळी ती बातमी वाचली, चहा घेतला, कामावर गेले. टपाल अत्यावश्यक सेवेत होतं, खिडकी उघडी होती. संध्याकाळी घरी आले. रात्री टीव्हीवर एक जुनी मालिका लागली होती, त्यात आई आणि मुलाची ताटातूट झाली आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. थांबेना. तेव्हा मला माझी भीती वाटली. सकाळी सोळा आयांची ताटातूट वाचून मी चहा प्याले होते.

त्या रात्री मी लेकीची एक कोरी वही घेतली आणि वर बातमी लिहिली, खाली मालिकेतला प्रसंग. दोन्ही एकाच पानावर असले म्हणजे एकीचं रडू दुसरीपर्यंत पोचेल असं काहीतरी मनात होतं. लेकीनं पान वाचलं, फोटो काढून मावशीला पाठवला, आणि पुढच्या शनिवारी मावशीचा फोन, “या आठवड्याचं कुठाय?”

तेव्हापासून शनिवारी रात्री लिहायचं. बातमी लिहिताना गावाचं नाव लिहायचंच, ‘राज्यात अनेक ठिकाणी’ असलं लिहायचं नाही. सिनेमाला तारे द्यायचे नाहीत. जे पाहिलं त्यातली एक वस्तू किंवा एक कृती लिहायची. पुष्कळदा वरच्या आणि खालच्या अर्ध्याचा एकमेकांशी काही संबंध नसतो. कधी मी पाहिलेली गोष्ट सामान्य असते, कधी मीच थकलेली असते. असे आठवडे जास्त.

पण काही आठवडे मात्र विसरत नाहीत. २०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेचं मतदान २० तारखेला झालं, मोजणी २३ ला. मधल्या शुक्रवारी, २२ ला, पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ आपल्याकडे लागला. त्याच वर्षी मे महिन्यात त्याला कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री हा पुरस्कार मिळाला होता. सगळा महाराष्ट्र २८८ जागांची बेरीज-वजाबाकी करत होता आणि मी अंधारात बसून छाया कदम यांची पार्वती बघत होते. रत्नागिरीकडची बाई, मुंबईत एका इस्पितळात स्वयंपाकाला. नवरा गिरणी कामगार होता, तो गेलाय. राहती खोली बिल्डरला हवी आहे, आणि ती खोली आपली आहे असं सांगणारा एकही कागद तिच्याजवळ नाही. इतकी वर्षं राहिली, पाणी भरलं, दिवे लावले, आणि कागद नाही.

मला माझी खिडकी आठवली. पासबुकावर नवऱ्याचं नाव, वारस लावलेला नाही, म्हणून परत गेलेल्या किती बायका. नियमाप्रमाणे मीच त्यांना परत पाठवलंय. शनिवारी निकाल लागले, ते वर लिहिले. खाली पार्वतीचा कागद लिहिला आणि पान पाठवताना पहिल्यांदाच एक विनंती जोडली: घरातल्या बाईचं नाव कुठल्या कागदावर आहे ते आज उघडून बघा. नऊ घरांतून उलट निरोप आला की बघितलं. दोघींनी पुढच्या महिन्यात नावं लावून घेतली. त्या आठवड्यात मतमोजणीचा कार्यक्रम मी आठ तास पाहिला होता, त्यात मला हे कुणी सुचवलं नव्हतं.

तर बघवतो कसा, या प्रश्नाचं माझं उत्तर असं. बातमी त्या दिवशी येते आणि तिला लगेच पुढं जायचं असतं. सिनेमा उशिरा येतो, कधी पाच वर्षांनी. पण आला की दोन तास एकाच माणसाजवळ बसायला लावतो, आणि उठल्यावर मी त्या माणसाजवळून माझ्या माणसांकडे जाते. माझ्याकडून तरी हे दुसऱ्या रस्त्यानं झालेलं नाही. ज्यांचं मन बातमी वाचूनच तिथपर्यंत जातं त्यांनी सिनेमा नाही पाहिला तरी चालेल. माझं मन ८ मे २०२० ला गेलं नाही, हे मी विसरणार नाही. म्हणून पूर असतानाही बघते, आणि त्याच पानावर लिहिते.

७ ऑक्टोबरला सरकारनं पूरग्रस्तांसाठी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, तो आकडा त्या आठवड्याच्या पानावर आहे. दिवाळीला माहेरी गेले होते. शिवारात गाळ आणि मोकळे धोंडे. भाचा मला बांधापर्यंत घेऊन गेला, वासरू कुठून वाहून गेलं ते दाखवलं. सिनेमाचा विषय त्यानं काढला नाही, मीही काढला नाही.

नोव्हेंबरात ‘होमबाउंड’ नेटफ्लिक्सवर आला. महिनाअखेरीला एका रात्री पावणेदोनला फोन वाजला. रानात पाण्याच्या मोटारीच्या पाळीला बसून भाच्यानं तो मोबाइलवर पाहिला होता. निरोप एका ओळीचा होता: “आत्या, त्यानं त्याला शेवटपर्यंत सोडलं न्हाई.”

मी ती ओळ त्या रविवारच्या पानावर खाली उतरवून घेतली. वर हरभऱ्याची उगवण कशी आहे ते लिहिलं. पाच एकरांपैकी दीड एकर पेरताच आला नाही. माती खरडून गेलीय, तिथं अजून खडक उघडा आहे.